निष्ठा कोणाशी?

'हाय-फाय' हा शब्द आपण मराठीत सर्रास वापरतो, पण तो भपक्याच्या अर्थाने. अमक्याचे लग्न हाय-फाय झाले, तमक्याची राहणी हाय-फाय आहे, असे आपण म्हणतो. मूळ इंग्रजी शब्द 'हाय फिडेलिटी', आणि त्याचा सरळ अर्थ उच्च कोटीची निष्ठा. पतिपत्नींत, सेवकात, मित्रात जी आपण शोधतो, तीच निष्ठा येथे लाकडी पेटीत बसविलेल्या कागदाच्या अथवा प्लास्टिकच्या शंकूकडून अपेक्षिली आहे. शब्द मोठा आहे. परंतु निष्ठा म्हटली की ती कोणाशी, हा प्रश्न आलाच. स्पीकरच्या बाबतीत त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही, हे मला पंचाहत्तरी ओलांडल्यावर, तेही एका घरगुती निमित्ताने उमगले.

माझे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, नोकरीनिमित्त बरीच वर्षे इंग्लंडात होते. निवृत्तीनंतर ते इंदूरला परतले तेव्हा त्यांनी दोन लहान पेट्या मांडीवरच्या मुलासारख्या जपून आणल्या. त्यांच्या निधनानंतर वहिनी मुलीकडे पुण्यास राहावयास गेल्या आणि जाताना त्या पेट्या माझ्या स्वाधीन करून गेल्या. पाहणाऱ्यास त्यांत काही विशेष दिसणार नाही. उंची सुमारे 30 सेंटिमीटर, रुंदी 19, खोली 16. पुढे कापडाची जाळी, मागे पाटीवर 'एलएस 3/5 ए' अशी रुक्ष अक्षरे. गेल्या वर्षी एका अपरिचित गृहस्थांनी दूरध्वनी करून या जोडीसाठी जी रक्कम देऊ केली, ती मी त्यांना पुन्हा एकदा सांगावयास लावली. आमच्या मंडळींचे म्हणणे, एवढ्या पैशांत नातीच्या शिक्षणाचे एक वर्ष सहज निघेल. ते खरेही होते.

या पेटीचा जन्म घरासाठी झालेला नाही. बीबीसीच्या अभियंत्यांनी 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती घडविली, ती बाहेरगावचे कार्यक्रम प्रक्षेपित करणाऱ्या गाडीसाठी. गाडीत मोठा स्पीकर मावत नसे, आणि आत बसलेल्या ध्वनिनियंत्रकास तर माइकपुढील माणसाचा आवाज जसाच्या तसा जातो आहे की नाही, हे पारखावयाचे असे. खालच्या स्वरांसाठी केईएफ कंपनीचा बी-110 आणि वरच्यांसाठी त्याच कंपनीचा टी-27, अशी दोनच यंत्रे आत आहेत. पेटी पातळ बर्च प्लायवूडची, आणि तिच्या भिंतींना आतून डांबरी पत्रे चिकटविलेले, जेणेकरून लाकडाने स्वतःचा सूर लावू नये. रॉजर्स, स्पेंडर, हार्बेथ आदी कंपन्यांनी परवाना घेऊन ती बनविली, आणि सरकारी कामाची ही पेटी बघता बघता हौशी लोकांच्या दिवाणखान्यात जाऊन बसली.

मला या कथेत सर्वांत महत्त्वाची वाटते ती बीबीसीची पारखण्याची रीत. एका खोलीत माणूस बोलत असे किंवा वादक वाजवीत असत, दुसऱ्या खोलीत त्याच क्षणी स्पीकर लावलेला असे, आणि परीक्षक या खोलीतून त्या खोलीत जाऊन दोन्ही ऐकत. म्हणजे निष्ठेला साक्षीदार होता. मूळ पुरुष शेजारच्या खोलीत प्रत्यक्ष बसलेला होता. आपल्या घरात ही सोय कोठून असणार? गायक कधीच निघून गेलेला असतो. पुष्कळदा या जगातूनही. मग आपण 'अगदी हुबेहूब!' असे उद्गारतो, ते कशाशी ताडून?

साक्षीदार समोर असला तरी भागतेच असे नाही. एडिसनच्या कंपनीने 1915 पासून सुमारे दहा वर्षे अमेरिकेत गावोगाव एक खेळ केला. रंगमंचावर एखादी गायिका आणि शेजारी तिचीच तबकडी वाजविणारे यंत्र. मध्येच दिवे मालवीत. श्रोत्यांनी ओळखावयाचे की गाते आहे ते माणूस की यंत्र. पुष्कळांना ओळखता येत नसे आणि टाळ्यांचा कडकडाट होई. त्या प्रयोगांत गाजलेल्या अ‍ॅना केस या गायिकेने उतारवयात सांगून टाकले की आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत असू. यंत्र माणसाशी एकनिष्ठ आहे असे लोक समजत होते, आणि प्रत्यक्षात माणूस यंत्राशी एकनिष्ठ राहात होते! ही हकीगत मी प्रथम वाचली तेव्हा हसलो होतो. आता तितकेसे हसू येत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

माझ्या स्वतःच्या साक्षीचीही गोष्ट सांगितली पाहिजे. 1960च्या दशकाच्या अखेरीस येथेच, इंदुरात, मी उस्ताद अमीर खाँ साहेबांना ऐकले. खाँसाहेब इंदूरचे, म्हणून आम्हां मुलांनाही तो घरचाच मान वाटे. पुढे दादांच्या पेट्यांवर त्यांची मारवा-दरबारीची तबकडी ऐकताना मी नेहमी म्हणे, "हा खरा आवाज, मी त्या रात्री ऐकला तोच." एके दिवशी दादांनी शांतपणे विचारले, "त्या रात्री मंडपात तू कोठे बसला होतास?" मी होतो अगदी मागे, कनातीजवळ. आणि कनातीच्या बांबूला बांधलेला होता एक पत्र्याचा कर्णा. म्हणजे मी ज्याला मूळ समजत होतो, आणि ज्याच्याशी आयुष्यभर प्रत्येक स्पीकर ताडून पाहात होतो, ते मूळसुद्धा एका भोंग्यातूनच माझ्यापर्यंत आले होते. त्या भोंग्यात खर्ज नव्हता. तो मी कोठून ऐकला?

याचे एक उत्तर शास्त्राने दिलेले आहे. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो सुमारे 138 हर्ट्झ; तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे 69च्या आसपास. पत्र्याच्या कर्ण्यातून तो मूलस्वर येणे शक्यच नाही. परंतु त्याच्या वरच्या पटीतले स्वर येतात, आणि तेवढ्यावरून कान हरवलेला मूलस्वर आपल्या पदरचा भरतो. ही कल्पनेची भरारी नव्हे, श्रवणाचा सामान्य धर्म आहे. तंबोऱ्यातील स्वयंभू गंधाराशी मात्र याची गल्लत करू नये. तो गंधार कोणी छेडीत नसले तरी खर्जाच्या तारेच्या पोटात खरोखरच असतो. येथे स्वर हवेत नसतोच, तो ऐकणारा पुरवितो. तेव्हा ध्वनीच्या सत्यात ऐकणाराचा वाटा पहिल्यापासूनच आहे.

आणि बीबीसीच्या त्या सज्जन अभियंत्यांनी नेमका याच गुणाचा उपयोग करून घेतला. एवढ्याशा पेटीतून खोल खर्ज निघणे अशक्य. म्हणून शंभर ते दोनशे हर्ट्झच्या दरम्यानचा पट्टा या स्पीकरमध्ये किंचित उचललेला आहे. त्यामुळे कानास भास होतो की खालीही काही आहे. ज्या स्पीकरची ख्याती सत्यवचनी म्हणून, त्याच्या पोटात हे लहानसे असत्य! महाभारत वाचणाऱ्यास येथे धर्मराज आठवल्याखेरीज राहणार नाही. अश्वत्थाम्याविषयीच्या त्या अर्धसत्यापूर्वी त्यांचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे. नंतर तो भूमीला टेकला.

मला मात्र ही तुलना शेवटपर्यंत नेववत नाही. द्रोणाचार्यांना फसविले ते त्यांच्या घातासाठी, आणि मागाहून तपासून पाहण्याची संधी त्यांना ठेविली नाही. या पेटीचा आलेख छापील आहे, हवा त्याने पाहावा. शिवाय हा उंचवटा नसता तर त्या आकाराच्या पेटीतून माणसाचा आवाज किरटा, छातीवाचूनचा आला असता. प्रत्येक बिंदू सरळ ठेवून एकूण माणूस खोटा उभा करावा, की एका बिंदूशी तडजोड करून माणूस खरा उभा करावा? चांगले अनुवादक हे रोज करीत असतात. माझा कौल दुसऱ्या पक्षाला आहे, मात्र तडजोड लपविलेली नसावी या अटीवर. आजकालच्या पुष्कळ महागड्या स्पीकरांत वरचे स्वर मुद्दाम झळझळीत केलेले आढळतात, जेणेकरून दुकानातील पहिल्या पाच मिनिटांत गिऱ्हाइकाने चकित व्हावे. ती तडजोड गाण्यासाठी नसते, विक्रीसाठी असते. आणि तिला मी सरळ लबाडी म्हणतो.

याच्या अगदी उलट स्वभावाचा एक स्पीकर मी 1984 साली दादांच्या एका इंग्रज स्नेह्यांकडे ऐकला. हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांचा क्वाड, 1957 पासून 1985 पर्यंत बनत असलेला. दिसावयास खोली तापविण्याच्या हीटरसारखा. त्यात शंकू नाही, पेटी नाही. हजारो व्होल्टने भारलेला प्लास्टिकचा एक अतिपातळ पडदा दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये ताणलेला असतो आणि तो सगळाच्या सगळा हलतो. त्याने मोठ्याने बोलावे म्हटले तर त्याला जमत नाही. जबरदस्ती केली तर आत ठिणगी पडते. खोल खर्जही तो देत नाही आणि दिल्याचा आवही आणीत नाही. पण त्याला जेवढे बोलता येते तेवढ्यात व्हायोलिनचा गज तारेवर ठेवल्याची चाहूलसुद्धा लागते. मी भारावून गेलो होतो.

पण त्या दिवाणखान्यातील खुर्ची मला अजून आठवते. या स्पीकरचे वरचे स्वर अरुंद झोतात येतात, त्यामुळे दोन्हींच्या बरोबर मधोमध एकच जागा खरी. गृहस्थांनी पाहुण्याचा मान म्हणून मला तेथे बसविले. ते स्वतः बाजूला, त्यांची पत्नी त्याहूनही बाजूला. गाणे संपल्यावर सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले, जणू त्या घरात मी एकट्यानेच गाणे ऐकले होते. आमच्या वाड्यातला रेडिओ ओसरीवरच्या फळीवर, क्रोशाच्या झाकणाखाली असे. शनिवारी रात्री आकाशवाणीचे संगीत लागे, आणि दळण निवडणाऱ्या काकूपासून समोरच्या बिऱ्हाडातील मास्तरांपर्यंत प्रत्येकाची जागा तितकीच वाईट असे. मी त्या आवाजाची भलावण करीत नाही. तो वाईटच होता. पण निष्ठेचा हिशेब मांडताना ही एक बाब आजवर मी धरलीच नव्हती. दादाही पेट्यांपुढे एकटेच बसत आणि वहिनी स्वयंपाकघरात असत. मीही तसाच बसू लागलो होतो.

गेल्या दिवाळीत वहिनी आठ दिवस आमच्याकडे आल्या. आवराआवरीत 1983 सालची एक कॅसेट सापडली. त्या काळी परदेशी फोन परवडत नसत. मंडळी कॅसेटवर बोलून ती पत्रासारखी पाठवीत. दादांनी काकूसाठी बोललेली ती कॅसेट होती. मला वाटले, आता खरी कसोटी लागली. हा स्पीकर माणसाच्या आवाजासाठीच घडविलेला, आणि त्या माणसाला पन्नास वर्षे ऐकलेली साक्षीदार समोर बसलेली. मी वहिनींना आग्रहाने मधल्या खुर्चीवर बसविले आणि कॅसेट लावली.

दादा बोलू लागले. घशातली किंचित खरखर, शब्दाच्या शेवटी श्वास सोडणे, सगळे तंतोतंत. माझे डोळे भरून आले. वहिनी मात्र नुसत्या ऐकत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "भाऊजी, आवाज त्यांचाच आहे. पण ते असे बोलत नसत. यंत्रापुढे बसले की ते रेडिओवरच्यासारखे बोलू लागत. मी तेव्हाही त्यांना हसत असे."

मला अ‍ॅना केस आठवली. पेटीने कसलीच लबाडी केली नव्हती. उलट ती इतकी प्रामाणिक होती की दादांचा तो कमावलेला सूर तिने झाकला नाही. वाड्यातल्या रेडिओवर ऐकले असते तर कदाचित तो कळलाही नसता.

मी कॅसेट बंद करावयास उठलो, तेवढ्यात पत्र संपले. पण यंत्र बंद करावयाचे राहून गेले असावे. खुर्ची सरकली, कप ठेवल्याचा आवाज झाला, आणि दादा माइकपासून दूर कोठेतरी, निम्म्या आवाजात म्हणाले, "साखर विसरलीस काय गं?" पुढचे शब्द नीट लागत नाहीत. वहिनी खुर्चीवरून उठल्या, डाव्या पेटीजवळ जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हे पुन्हा लावा." त्या आठ दिवसांत ती दहा-बारा सेकंदे आम्ही किती वेळा लावली, याची गणती नाही. कधी नात शेजारी बसे, कधी आमच्या मंडळी. मधल्या खुर्चीवर कोणी बसले नाही.

त्या अपरिचित गृहस्थांना मी 'तूर्त विचार नाही' असे कळविले आहे. नातीच्या शिक्षणाचा आकडा अर्थातच जागच्या जागी आहे, आणि त्याविषयी घरात बोलणे व्हावयाचे आहे. माझा हा निर्णय योग्यच आहे अशी माझी खात्री नाही. कानाच्या डॉक्टरांनी काढलेल्या आलेखात माझे वरचे स्वर केव्हाच गेलेले दिसतात. टी-27 जे सांगतो त्यातले बरेचसे मला आता ऐकूच येत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मध्यंतरी उजव्या पेटीचा आवाज मंद वाटू लागला. तंत्रज्ञाने उघडून पाहिली व आतील जुने कपॅसिटर बदलावे लागतील असे सांगितले. त्या बनावटीची बी-110 आणि टी-27 ही यंत्रे केईएफने विसाव्या शतकाच्या अखेरीस बनविणे थांबविले, त्यामुळे उद्या तीही गेली तर दुसऱ्या कोणाची बसवावी लागतील. एकेक भाग बदलत गेल्यावर ती पेटी दादांची किती उरेल, हे मी त्याला विचारले नाही. त्याला दुसरीही कामे होती. काढलेले कपॅसिटर फेकू नका, परत आणून द्या, एवढे मात्र त्याला सांगितले आहे.