हात न उगारणे पुरेसे आहे का?

मिस्साच्या आरंभी आपण सारे छातीवर हात मारून पापांची कबुली देतो. विचाराने, शब्दाने आणि कृतीने घडलेल्या पापांबरोबर तेथे आणखी एक कबुली असते : जे चांगले करायला हवे होते ते केले नाही, याची. पहिली तीन पापे चटकन आठवतात. चौथे सहसा आठवत नाही, कारण त्याची आपल्यावर खूण राहत नाही. त्याचा वळ उमटतो तो दुसऱ्याच्या अंगावर.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेजारच्या एका घरातून रात्री आवाज येत. आधी भांडी आपटल्याचा, मग त्या घरच्या बाईच्या रडण्याचा. आमच्याकडे कोणीतरी उठून टीव्हीचा आवाज वाढवी. 'नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडायचे?' असे मीच म्हणालो होतो. रविवारी तो गृहस्थ देवळात आमच्या पुढच्या बाकावर बसे. एकमेकांना शांती देण्याच्या वेळी तो मागे वळून हात पुढे करी आणि मी तो हातात घेई. त्या हाताने आदल्या रात्री काय केले ते मला ठाऊक असे. त्याच्या पत्नीकडे मात्र मी पाहत नसे.

'मी तर घरात हात उगारत नाही, मग हा विषय माझा कसा?' असे आपल्यातील बहुतेक पुरुष म्हणतील. मीही म्हणत असे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शंभरात सुमारे २९ जणींनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. आणि अशी हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या होत्या शंभरात अवघ्या १४. बाकीच्यांनी आपल्याकडे का मागितली नाही, हा प्रश्न त्यांना नव्हे, आपल्याला विचारायला हवा.

आपण काय सांगत आलो ते आठवून पाहा. 'एका हाताने टाळी वाजत नाही.' थोबाडीत मारायला मात्र एकच हात पुरतो. 'दारू प्यायला की त्याला भान राहत नाही.' पण तो कामावरच्या साहेबाला मारत नाही, रस्त्यावरच्या पोलिसाला मारत नाही. बायकोलाच मारतो, म्हणजे भान कुठेतरी शिल्लक असते. आणि सर्वांत वाईट : 'हा तुझा क्रूस आहे, सोस.' येशूने क्रूस स्वतःच्या खांद्यावर घेतला, दुसऱ्याच्या खांद्यावर लादला नाही. खिळे ठोकणाऱ्याची बाजू घेऊन आपण क्रूसाविषयी बोलू नये. पती किंवा पत्नीपासून जिवाला वा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास ते योग्य कारण आहे, असे ख्रिस्तसभेचा कायदाही (कलम ११५३) मानतो. लग्नाच्या मिस्सात संत पौलाचे एफिसकरांस पत्र वाचले जाते, तेव्हा पत्नीने अधीन राहावे एवढेच आपल्या ध्यानात राहते. त्याच्या आधी एकमेकांच्या अधीन राहा असे लिहिले आहे, आणि पतीने तर ख्रिस्तासारखे स्वतःला वाहून द्यायचे आहे.

मग पुरुषानेच बोलावे असे का? कारण मारणारा माणूस बायकोचे ऐकत नाही, पण नाक्यावरच्या मित्रांना काय वाटते याची त्याला पर्वा असते. स्त्रीच्या शब्दापेक्षा पुरुषाच्या शब्दाला वजन असावे हे मुळातच अन्यायाचे आहे. पण आज ते आहे, तोवर ते वजन तिच्या बाजूने वापरणे हे आपले कर्तव्य ठरते. आपण गप्प बसलो की त्या मौनाचा अर्थ तो 'संमती' असाच लावतो.

हे करून पाहणारे पुरुष आपल्या जवळच आहेत. १९९१ साली मुंबईत एका पत्रकाराने वर्तमानपत्रात जाहिरात दिली : पत्नीला मारणे चूक आहे असे मानणारे पुरुष हवे आहेत. तिला प्रतिसाद देणाऱ्या पुरुषांतून पुढे १९९३ मध्ये 'मावा' ही संस्था उभी राहिली आणि ती तरुण मुलांशी या विषयावर बोलू लागली. २००८ साली 'बेल बजाओ' ही मोहीम निघाली. तिचे सांगणे साधे होते : शेजारी मारहाण ऐकू आली तर दार वाजवा. भांडू नका, वाटीभर दूध मागा. कोणीतरी ऐकत आहे एवढे आतल्याला कळू द्या.

कायदाही शेजाऱ्याला परका मानत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ नुसार कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो. सद्हेतूने दिली असेल तर त्याच्यावर बालंट येत नाही. जीव धोक्यात असेल तर ११२ क्रमांक आहेच. एरवी मात्र आधी तिला विचारावे. आपल्या शौर्यापायी तिला रात्री दुप्पट मार बसू नये. आणि घरी मुलासमोर आपण त्याच्या आईशी कसे बोलतो, लग्नघरात बायकांवरच्या कोणत्या विनोदांना हसतो, हेही तपासावे. मुलगा उपदेशापेक्षा तेच शिकतो.

ते कुटुंब पुढे दुसरीकडे राहायला गेले. बऱ्याच वर्षांनी ती बाई एका अंत्यविधीला भेटली. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर मी चाचरत म्हणालो, "तेव्हा आम्हांला काही करता आले नाही." ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, भिंत पातळ होती. तुमचा टीव्ही मोठा झालेला मला ऐकू यायचा."

तेव्हापासून मिस्साच्या आरंभी ते चौथे पाप मला आठवावे लागत नाही. या रविवारी शेजाऱ्याला शांती देताना आपण प्रत्येकाने स्वतःला एकच विचारावे : ही शांती त्याच्या घरातही पोहोचते का?