मागच्या रांगेतील नावे

दिवाळीच्या आधी घरोघर माळे झाडले जातात आणि जुन्या ट्रंकेतून एखादा पिवळा पडलेला समूहफोटो बाहेर निघतो. मुले भोवती गोळा होतात. आजी चष्मा पुसून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवीत जाते : हे तुझे पणजोबा, ही त्यांची धाकटी बहीण, आणि हा... हा कोण बरे? तिथे फोटो मुका होतो. कागद शाबूत असतो, चेहराही स्पष्ट दिसत असतो. पण तो माणूस घरातून उठून गेलेला असतो.

जे घराचे तेच गावाचे. जुने फोटो आणि वर्तमानपत्रांतील कात्रणे जमवून आपल्या गावाचा इतिहास जपावा, असा विचार आता लहान शहरांतूनही बोलला जातो. विचार चांगलाच आहे. पण त्याच्या पाठोपाठ एक प्रश्न येतो आणि तो टाळून चालत नाही. आपण जपतो ते कोणाचे? आणि ज्यांचे जपतो, त्यांना आपण विचारले आहे काय?

उदाहरणासाठी जव्हार घेऊ. पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातले हे शहर २०११ च्या जनगणनेत अवघ्या बारा हजारांच्या आसपास वस्तीचे होते. पण १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत ती मुकणे या महादेव कोळी राजघराण्याची राजधानी होती. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते आणि पुढे लोकसभेवरही निवडून गेले. त्यांचा जयविलास राजवाडा आजही पाहुण्यांना आवर्जून दाखविला जातो. असा वारसा जपावासा वाटणे स्वाभाविक आहे.

आता संस्थानी काळातल्या फोटोंची सर्वसाधारण रीत आठवून पाहा. कॅमेरा ही तेव्हा चैनीची वस्तू. तो निघे तो दरबारासाठी, स्वारीसाठी, बड्या पाहुण्यांसाठी. पुढच्या रांगेत खुर्च्या आणि खाली छापलेली नावे. मागच्या रांगेत चवरी धरणारा, मशाल पेटविणारा, ओझे वाहणारा. त्यांच्यासाठी फार तर ‘व इतर नोकरमंडळी’ एवढे शब्द. मोखाड्याच्या पाड्यांवर तर राजवाडाही नव्हता. तिथे कॅमेऱ्याला जाण्याचे कारणच पडत नसे. तेव्हा जुने फोटो नुसते गोळा करून भिंतीवर लावले, तर आपण इतिहास जपला असे होत नाही. त्या दिवशीची बसण्याची व्यवस्था तेवढी जपली, असे होते.

कात्रणांची गत निराळी आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा या डोंगरांचे नाव महाराष्ट्रभर गाजले. २०१६ साली मोखाड्याचे नाव पुन्हा त्याच कारणाने छापून आले. राजाची स्वारी आणि मुलाचा मृत्यू : या दोन प्रसंगी बाहेरच्या जगाला येथल्या माणसांची आठवण होते. गावाचा अभिमान बाळगणारा एखादा सज्जन म्हणेल, “कशाला ही लाजिरवाणी कात्रणे? धबधबे आहेत, राजवाडा आहे, ते दाखवा.” मला हे म्हणणे पटत नाही. ज्या संग्रहात केवळ अभिमान मावतो तो इतिहासाचा संग्रह नव्हे. ती जाहिरात झाली. मुले का गेली हा प्रश्न ज्या कागदावर आहे, तो कागद राजवाड्याच्या फोटोइतक्याच काळजीने ठेवला पाहिजे.

परंतु अशा बातमीसोबत कधी एखाद्या आईचा फोटोही असतो. मांडीवर सुकलेले मूल आणि समोर कॅमेरा. तिला कोणी विचारले होते? कोणी म्हणेल, तो चेहरा छापला नसता तर मुंबईतल्या माणसांना आणि सरकारला जाग आली नसती. हे खरे आहे. घराला आग लागली तर दार फोडावे लागते. पण फोडले म्हणून ते दार आपले होत नाही. बातमी साऱ्या गावाची आहे. चेहरा त्या आईचा आहे. तो प्रदर्शनात लावण्यापूर्वी तिच्या किंवा तिच्या माणसांच्या ओटीवर जाऊन बसावे, विचारावे, आणि ‘नको’ म्हटले तर तो कपाटातच राहू द्यावा.

येथे आणखी एक शंका येते. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांच्या इतिहासाचे काय करायचे? इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवीत. पण दप्तर मिळते ते लिहिणाऱ्याच्या वाड्यात. वारली, कोकणा, कातकरी यांच्या झोपडीत काय मिळणार? तर पुष्कळ मिळणार. मोखाड्याच्या बोहाड्यात देवदानवांचे मुखवटे चढवून, संबळाच्या ठेक्यावर सोंगे रात्रभर नाचतात. ती विद्या पाहून आणि नाचून पुढे जाते. खुद्द जव्हारच्या स्थापनेची कथा घ्या. कोळी नायकाने बैलाच्या कातड्याखाली मावेल एवढीच जमीन मागितली, आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी सारा मुलूख वेढला. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरने ही कथा नोंदवून तिची तुलना कार्थेजच्या डायडो राणीच्या कथेशी केली. म्हणजे कागदाने जे लिहून घेतले, तेही आधी कोणाच्या तरी तोंडी होते.

ही नुसती हौसेची गोष्ट नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जमिनीचा दावा करताना कोणते पुरावे चालतात, ते २००८ च्या नियमांत दिले आहे. त्यात गॅझेटियर आणि जनगणनेचे कागद आहेत, आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही आहे. म्हातारा उठून गेला, की त्याच्याबरोबर कदाचित एखादे शेतही जाते.

म्हणून संग्रह करणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कात्रण कापताना वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख कापून टाकू नका. बिनतारखेची बातमी निम्मी अफवाच असते. वर्तमानपत्राचा स्वस्त कागद आपल्याच आम्लाने पिवळा पडून चुरतो आणि चार महिन्यांचा पाऊस त्याला आणखी कुजवितो. त्याची नक्कल वेळीच काढून ठेवा. फोटोच्या पाठीवर लिहायचे ते शाईने नव्हे, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. आणि फोटो कपाटात ठेवण्यापूर्वी तो घेऊन पाड्यावर जा. पुढच्या रांगेची नावे पुस्तकात सापडतील. मागच्या रांगेतल्या मशालजीचे नाव एखाद्या म्हातारीलाच ठाऊक असेल, आणि ती फार दिवस वाट पाहू शकणार नाही.

अशा संग्रहात उद्या पाड्यावरची एखादी मुलगी शाळेबरोबर येईल. राजाचे चित्र ती कौतुकाने पाहील. पण त्याच फोटोच्या मागच्या रांगेत, कोपऱ्यात उभ्या माणसाखाली तिला आपल्या पणजोबांचे नाव वाचता आले, तरच तो संग्रह तिच्याही गावाचा आहे असे म्हणता येईल.