वाटेकरी

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी माणसांच्या गप्पा ठरलेल्या असतात. पत्त्याची नोंदणी कुठे करायची, कोणता कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, प्लास्टिकची बाटली दुकानात परत केली की २५ सेंट अनामत कशी सुटते, रविवारी दुकानं बंद म्हणून शनिवारीच दूधभाजी भरून कशी ठेवायची. हे सगळं अंगवळणी पडलं की माणूस म्हणतो, आता आपण इथे रुळलो. मला हे रुळणं अपुरं वाटतं. देशाची शिस्त उचलायला फार दिवस लागत नाहीत. त्या देशाने आपल्या पापाचं काय केलं, हे मात्र मुद्दाम थांबून पाहावं लागतं आणि आपल्यापैकी फार थोडे तिथे थांबतात.

बर्लिनमध्ये ते पाहायला संग्रहालयात जावं लागत नाही. फुटपाथवर, घरांच्या दारांसमोर, फरशीत बसवलेले पितळी चौकोन दिसतात. लांबी-रुंदी जेमतेम १० सेंटिमीटर. त्यांना श्टोल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे ठेच लागणारा दगड. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९०च्या दशकात हे काम सुरू केलं आणि २०२३ साली एक लाखावा दगड बसला. बहुतेकांवर मजकुराची सुरुवात एकच असते: ‘येथे राहत होते’. खाली नाव, जन्मसाल, पकडून नेल्याची तारीख, ठिकाण. शेवटी बहुधा एकच शब्द: खून. ‘मृत्यू’ लिहून मोकळं होता आलं असतं, पण तसं केलेलं नाही. नाझी राजवटीने छळलेल्या, मारलेल्या माणसाचं नाव त्याने स्वतःहून निवडलेल्या शेवटच्या घरासमोर लावायचं, असा हा रिवाज आहे. बहुसंख्य नावं ज्यूंची, पण रोमा, मतिमंद ठरवून मारलेले, राजकीय विरोधक, समलिंगी अशीही माणसं त्यांत आहेत.

आमच्या इमारतीसमोर असे तीन दगड आहेत, एकाच कुटुंबाचे. ९ नोव्हेंबरला, म्हणजे १९३८ साली ज्या रात्री देशभर सिनॅगॉग जाळले गेले त्या तारखेला, शेजारच्या एक आजी गुडघ्यांखाली रबरी चटई घेऊन बसतात आणि ते पितळ चकचकीत करतात. आपल्याकडे दिवाळीच्या आधी समया चिंचेने घासतात, तितक्याच मन लावून. अक्षरांच्या खाचांतली काळी पुटं काढायला त्या जुना टूथब्रश वापरतात. एकदा मीही शेजारी बसलो. त्या म्हणाल्या, ‘माझे आजोबा रेल्वेत होते. घरात त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही.’ पुढे त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रेल्वेत असणं म्हणजे काय असू शकतं, ते बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्टेशनवर कळतं. तिथल्या १७ नंबरच्या रुळाच्या दोन्ही कडांना पोलादी पत्रे आहेत. प्रत्येकावर एका गाडीची तारीख, ज्यूंची संख्या आणि कुठे नेलं ते गाव. पहिली गाडी १८ ऑक्टोबर १९४१ची, लॉड्झ शहराकडे जाणारी. शेवटच्या तारखा १९४५च्या मार्चमधल्या आहेत, राजवट महिना-दीड महिन्यात कोसळणार होती तेव्हाच्या. हे स्मारक जर्मन रेल्वेनेच उभारलं. त्याच स्टेशनवरून आज आपली मुलं कॉलेजला जातात.

हे सगळं निर्विवाद नाही, आणि नसावंही. म्युनिक शहराने सार्वजनिक रस्त्यावर असे दगड बसवायला परवानगी नाकारली. मारलेल्यांची नावं पुन्हा पायदळी येतात, असा तिथल्या ज्यू नेतृत्वातून आलेला आक्षेप होता आणि तो मला मनापासून पटतो. शिवाय युद्धानंतर हा देशही पहिली कित्येक वर्षं गप्पच होता. १९६३ साली फ्रँकफर्टमध्ये आउशवित्झचा खटला उभा राहिला, तो फ्रिट्झ बाउअर या सरकारी वकिलाने चिकाटी धरली म्हणून. नामिबियातल्या हेरेरो आणि नामा लोकांच्या कत्तलीला वंशसंहार म्हणायला तर २०२१ साल उजाडावं लागलं. इथली माणसं उपजत भली आहेत म्हणून आठवण ठेवतात, असं नाही. कुणीतरी हट्टाने कागद उपसले, कुणीतरी आजोबांबद्दल विचारलं, म्हणून ती ठेवली गेली.

आपला याच्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर बर्लिनच्या डालेम भागातली एक इमारत पाहावी. १९२७ साली तिथे मानववंशशास्त्राची एक संस्था सुरू झाली. ऑइगेन फिशर तिचे प्रमुख. त्यांच्याच हाताखाली पीएचडी करायला पुण्याहून एक तरुणी आली, ती म्हणजे इरावती कर्वे. युरोपीय माणसाच्या कवटीच्या ठेवणीतच त्याचं श्रेष्ठत्व असतं, या तर्कासाठी गुरूंना पुरावा हवा होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि मापांत तसा वंशभेद सापडत नाही, असं लिहून दिलं. परदेशात, गुरूच्या दारात, पदवी त्याच्याच हाती असताना! पुढे आउशवित्झमधून तिथल्या छावणीचा डॉक्टर मेंगेले याने माणसांचे अवयव याच संस्थेकडे पाठवले. २०१४ साली जवळच खोदकाम करताना माणसांची हाडं सापडली. ती कोणाची, हे वेगवेगळं ठरवायचं नाही, कारण वंश मोजण्याचं तेच काम पुन्हा होईल, असा विचार करून २०२३मध्ये ती एकत्रच पुरली गेली. मला हा निर्णय फार मोठा वाटतो.

जून २०२४पासून इथलं नागरिकत्व मागणाऱ्याला नाझी अत्याचारांबाबत जर्मनीची विशेष ऐतिहासिक जबाबदारी मान्य असल्याचं नमूद करावं लागतं. भारतीय पासपोर्ट सोडायचा की नाही, यावर आमच्यात रात्र रात्र चर्चा होते. या कलमावर मात्र न वाचताच सही होते. एका मित्राने विचारलं, ‘साताऱ्याहून आलेल्या माणसाने हे का मान्य करायचं? आपले आजोबा तर तेव्हा इंग्रजांशी लढत होते.’ प्रश्न चुकीचा नाही. पण आपण राहतो ती घरं, ज्यांवरून जातो ते रूळ, जिथे शिकतो ती विद्यापीठं आयतीच मिळालेली आहेत. वाल्याच्या बायकोमुलांनी त्याची मिळकत खाल्ली आणि पापाचे वाटेकरी व्हायला नकार दिला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. मिळकतीत वाटा घ्यायचा तर हिशेबातही बसायला हवं, असं मी त्याला म्हणालो.

पण ते मान्य केलं की हिशेब बर्लिनपुरता राहत नाही. माझ्या गावात दोन आड होते. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, त्याच्यानंतर कित्येक वर्षं आमच्याकडे ते दोन वेगळेच राहिले. आमचं घर मोठ्या आडाजवळ होतं. तिथे ज्यांना पाणी भरू दिलं जात नव्हतं, त्या घरांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत, आणि अडवणाऱ्यांची तर नाहीतच. आईला फोन करून विचारलं, तेव्हा तिला दोन आडनावं आठवली. अडवणारे कोण, यावर ती आधी गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘आपलेच की सगळे.’ मे महिन्यात गावी जाणार आहे. दुसऱ्या आडावर पाणी भरलेली काही म्हातारी माणसं अजून हयात आहेत. ती सांगायला तयार असतील तर त्यांच्याकडे बसून नावं लिहून घ्यायची आहेत, दोन्ही बाजूंची.