वजनाचा काटा आणि जिभेचा काटा



लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया ही मोठ्या शहरातल्या मोठ्या माणसांची गोष्ट, असे आपल्याला बरीच वर्षे वाटत आले. २०११ साली श्री. नितीन गडकरी यांनी ती करून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांतून ती घरोघरी माहीत झाली. आता आपल्या निरवांगी-इंदापूर भागातले रुग्णही त्यासाठी पुण्या-मुंबईची वाट धरू लागले आहेत. ही माणसे दोन ओझी घेऊन जातात. एक शस्त्रक्रियेच्या भीतीचे आणि दुसरे लोकांच्या बोलण्याचे. या दुसऱ्या ओझ्याविषयी आज आपण थोडा विचार करू या.

पहिला प्रश्न सरळच विचारू. स्थूल असणे हे पाप आहे काय?

खादाडपणा हे सात प्रमुख पातकांपैकी एक आहे, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. त्यावरून लठ्ठ दिसला की तो खादाड, आणि खादाड म्हणजे पापी, असा हिशेब पुष्कळांच्या मनात तयार असतो. पण ज्यांनी या पातकाची बारकाईने चर्चा केली, त्या थोर पोप संत ग्रेगरी यांनी त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचाच हव्यास धरणे, फार खाणे, अधाशीपणे खाणे आणि चोचले पुरवून खाणे. संत थॉमस अक्वायनस यांनीही तीच मांडणी स्वीकारली आणि दोष अन्नात नाही, बेलगाम हव्यासात आहे असे सांगितले. यात शरीराच्या आकाराचा उल्लेख कोठेही नाही. शिडशिडीत माणूस पाचही प्रकारे खादाड असू शकतो आणि त्याला कोणी कधी टोकत नाही! खुद्द संत थॉमस अंगाने भरदार होते अशी परंपरा आहे. पोप संत जॉन तेविसावे यांची १९५८ साली निवड झाली, तेव्हा त्यांच्यासाठी शिवून ठेवलेले झगे त्यांना घट्ट झाले होते. आणि प्रभू येशू जकातदारांच्या पंगतीला बसत असे म्हणून त्याला खादाड व दारूबाज म्हणणारे लोक होते, हे मत्तय व लूक या दोघांनीही लिहून ठेवले आहे.

वैद्यकशास्त्राचे म्हणणेही आज स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना लठ्ठपणाला दीर्घकालीन आजार मानते. तो होण्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. हार्मोन्स, काही औषधे, झोप, मानसिक ताण, कामाचे स्वरूप या सगळ्यांचा त्यात हात असतो. खाण्याच्या सवयींचाही असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण सवयी तरी एकट्या माणसाच्या असतात का? लग्नाच्या पंगतीत "अजून एक घ्या, आमची शपथ आहे" म्हणून ताटात जिलेबी वाढणारा आणि चार दिवसांनी "काय हो, फारच सुटलात!" म्हणणारा, हा पुष्कळदा एकच पाहुणा असतो.

२०१७ सालची एक गोष्ट अनेकांना आठवत असेल. मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका नामवंत लेखिकेने एका अतिस्थूल पोलीस अधिकाऱ्याचे छायाचित्र जगजाहीर करून त्याच्या वजनावर शाब्दिक कोटी केली. ते अधिकारी मुंबईचे नव्हतेच. ते मध्य प्रदेशातील नीमचचे पोलीस निरीक्षक दौलतराम जोगावत होते. वजन सुमारे १८० किलो. १९९३ साली झालेल्या एका शस्त्रक्रियेनंतर शरीरातले संतुलन बिघडले आणि वजन वाढत गेले, असे त्यांनी सांगितले. पुढे मुंबईच्या सैफी रुग्णालयातील डॉक्टरांनी त्यांना बोलावून घेतले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांच्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली.

तेव्हा बरेच जण म्हणाले, "बघा, टोमणा मारला म्हणून तर बिचाऱ्याचे भले झाले." हा युक्तिवाद आपल्याकडे फार चालतो. सासू सुनेला, शिक्षक मुलाला, वॉर्डातली बाई रुग्णाला टाकून बोलते आणि "त्याच्याच भल्यासाठी बोलले" म्हणते. आम्हांला हे पटत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाला त्याच्या भावांनी विकले आणि त्यातून पुढे साऱ्या कुटुंबाचा दुष्काळात बचाव झाला. योसेफाने भावांना क्षमा केली, देवाने वाइटातून चांगले घडवले असेही म्हटले. पण "तुम्ही मला विकलेत ते बरेच केलेत" असे तो म्हणाला नाही. जोगावत यांचे भले डॉक्टरांच्या मदतीने झाले. टोमणा त्याआधी आला, एवढेच.

आता रुग्णालयातील प्रसंग डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया आहे. रुग्णाचे दोन आठवडे जवळजवळ पातळ आहारावर गेले आहेत. यकृत थोडे आकसावे आणि डॉक्टरांना आत काम करायला जागा मिळावी, म्हणून हा आहार असतो. अंगावर चढवलेला रुग्णालयाचा झगा मागून बांधला जात नाही. रक्तदाबाचा पट्टा दंडाला पुरत नाही. एवढ्यात कोणीतरी हसत म्हणते, "स्ट्रेचरला चार माणसे बोलवा रे." दुसरे कोणी म्हणते, "तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती." रात्री दिवा मालवल्यावर मरणाची भीती असतेच. आता तिच्या जोडीला आणखी एक भीती येऊन बसते: उद्या काही वाईट झाले तर लोक माझ्यासाठी रडतील, की "स्वतःच ओढवून घेतले" म्हणतील?

या बोलण्याने मन दुखते हे खरेच, पण त्यात जिवाचा धोकाही असतो. ज्याला हिणवले जाते तो लपवू लागतो. नेमून दिलेला आहार दोन दिवस मोडला, रात्री घोरताना श्वास अडकतो, सिगारेट अजून सुटलेली नाही, भूक आवरली नाही म्हणून पहाटे दोन बिस्किटे खाल्ली, यांतले काहीही तो सांगणार नाही. भूल दिल्यावर पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात गेले तर प्राणावर बेतू शकते. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना खरे उत्तर मिळणे फार गरजेचे असते, आणि एका टोमण्याने ते उत्तर बंद होते. पट्ट्याचेही तसेच. दंडाला लहान पडणारा पट्टा रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. तेव्हा मोठा पट्टा मागण्यात रुग्णाने लाजण्यासारखे काही नाही. "मला माझ्या नावाने हाक मारा" हेही त्याने शांतपणे सांगावे. क्षमा करणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. प्रमुख याजकासमोर थोबाडीत बसली तेव्हा प्रभूनेही "मला का मारतोस?" असा प्रश्न विचारला होता.

एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. "या वजनामुळे भुलीचा धोका वाढतो" असे डॉक्टर म्हणतात तेव्हा ती माहिती असते, आणि ती स्पष्ट सांगणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. तिला अपमान समजून रुसणे बरे नाही. परिचारिकांची बाजूही ऐकली पाहिजे. आपल्या समाजातल्या कितीतरी भगिनी या सेवेत आहेत. जड रुग्णाला कूस बदलून देताना त्यांच्या कमरेचे दुखणे कायमचे होते, आणि मदतीला दोन हात कमी असतात. पुरेशी माणसे आणि मजबूत खाट मागायची ती व्यवस्थापनाकडे. चिडून बोलले जाते ते मात्र खाटेवरच्या माणसाला, कारण तो उलट बोलू शकत नाही.

काही भाविकांना वेगळीच शंका असते. देवाने दिलेल्या धडधाकट जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून टाकायचा, हे योग्य आहे का? पोप पायस बारावे यांनी १९५२ साली वैद्यक क्षेत्रातील मंडळींसमोर बोलताना हे तत्त्व विशद केले होते की, अवयव संपूर्ण देहासाठी असतो आणि देहाच्या खऱ्या हितासाठी त्याचा त्याग करता येतो. मधुमेह, रक्तदाब, झोपेत अडकणारा श्वास यांनी जीव धोक्यात असेल, तर हे तत्त्व येथे लागू पडते. ही शस्त्रक्रिया म्हणजे 'आळशांची पळवाट' असेही कोणी म्हणतात. अशांनी त्या रुग्णाबरोबर एक महिना जेवून पाहावे! घोट-घोट पाणी, चार चमचे पातळ वरण, जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि नियमित तपासण्या. शिवाय वजन पुन्हा वाढू शकते ते वेगळेच.

राहिली भीती. भीती वाटली म्हणजे श्रद्धा कमी पडली, असे समजणारे गेथसेमनीची बाग विसरतात. प्रभू तेथे व्याकूळ झाला, घामाघूम झाला, आणि शिष्यांनी आपल्याजवळ जागे राहावे असे त्याला वाटले. शिष्य झोपी गेले. रुग्णाच्या घरच्यांनी त्या रात्री काही उपदेश करू नये, नुसते शेजारी बसून राहावे. मनातले प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांना विचारावेत. अनुभवी हातांत या शस्त्रक्रियेने मृत्यू होण्याचे प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे, म्हणजे पित्ताशयाच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेसारखेच. हा आकडाही रुग्णाला धीर देतो.

घरी परतल्यावर रुग्ण सारखा पाण्याचे घोट घेत असतो, आणि मग मिस्सेच्या आधी पाणी प्यायल्याने ख्रिस्तप्रसाद चालेल का, अशी चिंता त्याला पडते. पाण्याने तो उपवास मोडत नाही. आजारी माणसाला तर तासाभराच्या उपवासाचे बंधनही नाही.

गंभीर शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाभ्यंग संस्कार घेणे उचित आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात सांगितले आहे. तो केवळ मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. ज्यांची तारीख ठरली असेल त्यांनी रुग्णालयाकडे निघण्यापूर्वी मिस्सेनंतर फादरांना भेटावे, किंवा घरी निरोप पाठवावा. शस्त्रक्रिया कशाची आहे, हे सांगण्याची सक्ती नाही.