बाळंतपणाची जागा कोणी ठरवावी?

पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख 2023 साली छिंदवाड्यातून वेगळा निघून स्वतंत्र जिल्हा झाला. कारभार हिंदीत आणि उंबरठ्याच्या आतले बोलणे मराठीत, ही इथली जुनी घडण. सरकारी कागदावर ‘संस्थागत प्रसव’ लिहिलेले असते. घरची माणसे मात्र ‘सुखरूप सुटका झाली ना?’ एवढेच विचारतात. एका शब्दात जागेला महत्त्व आहे, दुसऱ्यात बाईला. प्रस्तुत प्रश्न याच फटीतून उभा राहतो.

दोन बाळंतपणे दवाखान्यात झालेली स्त्री तिसऱ्या खेपेस ‘मी घरीच राहीन’ म्हणते, तेव्हा आपण तिला अडाणी ठरवून मोकळे होतो. परंतु ज्याने पाहिलेच नाही त्याला अडाणी म्हणावे. हिने तर दोनदा पाहिले आहे. कळा सोसताना ऐकलेले अपशब्द, दाराबाहेर थोपवलेली आई, परक्यांसमोरचे उघडेपण. सन्मानपूर्वक वागणूक आणि सोबतीला माणूस असावे, हे केंद्र सरकारला 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात लेखी सांगावे लागले, यातच पुष्कळ आले. 1847 साली व्हिएन्नात सेमेलवाइसने हात धुण्याचा नियम घातला, त्याआधी तेथील स्त्रिया डॉक्टरांचा कक्ष नको, सुइणींचा द्या, म्हणून विनवीत असत. बाळंतज्वराने कुठे अधिक बाया मरतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांचे भय शास्त्राच्या आधी खरे ठरले होते.

तरीही दुसरी बाजू हलकी नाही. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली. ग्रामीण मातेला 1400 रुपये मिळू लागले. मध्य प्रदेशात संस्थेतील प्रसूती 2005-06 मध्ये शंभरात सुमारे 26 होत्या, 2019-21 मध्ये सुमारे 91 झाल्या. लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू 335 वरून 2018-20 पर्यंत 173 वर उतरले. सारे श्रेय खाटेचे नसेल, पण काही निश्चित आहे. वार पडल्यावरचा रक्तस्राव पूर्वसूचना देत नाही, आणि आधीची दोन बाळंतपणे सुरळीत झाली म्हणून तो तिसऱ्यात टळतोच असे नाही. आधी सिझेरियन झाले असेल तर धोका आणखी वेगळा.

इंग्लंडमधील 2011 चा मोठा अभ्यास घरच्या बाजूने सांगितला जातो. आधी बाळंत झालेल्या, जोखीम कमी असलेल्या स्त्रियांत घरी बाळाला अधिक धोका आढळला नाही, हे खरे. मात्र तेथे उशाशी शिकलेली सुईण होती आणि गरज पडताच नेणारी रुग्णवाहिका. ती व्यवस्था नसताना केवळ निष्कर्ष उचलून आणणे अप्रामाणिकपणाचे होईल. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजातांचे मृत्यू घटवले. म्हणजे घर हे मुळात शत्रू नव्हे. पण तो अनुभव बाळाचा. आईच्या रक्तस्रावाला औषध आणि रक्त लागते.

माझ्या मते तिची तक्रार खरी आहे, तिने काढलेला उपाय धोक्याचा आहे. पण हे तिला सांगण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. आशाताईला दवाखान्यात पोहोचवण्याचे मानधन मिळते, म्हणून तिचा सल्लाही संशयाने ऐकला जातो. यात तिचा दोष नाही. निदान आठव्या महिन्यातल्या भेटीत तिने आधी विचारावे, मागच्या वेळी तिथे काय झाले, आणि या वेळी आत कोण हवे. उत्तर पुरते ऐकून घेतल्यावर रक्तस्रावाची गोष्ट काढावी.