मॉनिटरच्या हातातला खडू

सहावी-सातवीत नेतृत्वाशी आपली पहिली ओळख होते ती मॉनिटरमुळे. त्याला नेमतात बाई. त्याचं काम, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं. म्हणजे नेता वरून येतो आणि बोलणं हा गुन्हा असतो. मग सुट्टीत त्याच मुलांना आपण ‘लीडरशिप आणि कम्युनिकेशन’च्या शिबिराला पाठवतो.

नेता मुलांनीच निवडला तर? राजस्थानातल्या तिलोनियात बेअरफूट कॉलेजच्या रात्रशाळांमध्ये १९९३ साली बालसंसद सुरू झाली. दिवसा गुरं राखणारी मुलं रात्री शिकायची आणि आपले मंत्री स्वतः निवडायची. शाळेतल्या अडचणी हे मंत्री मोठ्यांपुढे मांडायचे. मागे मतं दिलेले सोबती असले की बोलणं टाळता येत नाही.

माझ्या ऑफिसात मीटिंगमध्ये सफाईदार बोलणारे पुष्कळ आहेत. ‘हे वेळेत होणार नाही, टीम थकलीय’ असं मॅनेजरला सांगणारे मोजकेच. बोलायचं कसं, हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. कुणासाठी, हे शाळेपासून कुणी विचारलेलंच नसतं.

मुलांच्या हातात माइक जरूर द्या. पण त्याआधी त्यांना मॉनिटर निवडू द्या, आणि पटला नाही तर बदलूही द्या.