बाळंतिणीचा विषाद



पुरोहिताच्या घरी जन्म झाल्यामुळे षष्ठीपूजनास व बारशास जाण्याचा योग आम्हांस लहानपणापासून आला. सहाव्या रात्री कोरा कागद व लेखणी ठेवून बाळाचे विधिलिखित शुभ व्हावे म्हणून देवीस विनवितात. नक्षत्र कोणते, वजन किती भरले, नाक कोणावर गेले, सर्व विचारून होते. बाळंतिणीस मात्र दूध पुरते का, एवढेच विचारतात.

दोन वर्षांपूर्वी एका घरचे बारसे लांबले होते. मूल दीड महिन्याचे झाले होते. दुसरी मुलगी. आई पाळण्याशी बसली होती, ती मान वर करीना. पतिराज चारचौघांत तिच्यावर खेकसले. सासूबाईंनी बाहेरची बाधा समजून दोरा मागितला. आमच्या तीर्थरूपांनी तो दिला; परंतु निघताना मुलास ओसरीवर बोलावून म्हणाले, "दोरा मी दिला. डॉक्टरकडे तू ने. आणि घरात आवाज खाली ठेव." यजमानास असे बोलावे काय, म्हणून आम्ही तेव्हा मनात कचरलो. आज त्या कचरण्याची लाज वाटते.

गीतेचा पहिला अध्याय विषादाचाच आहे. धनुष्य गळून पडलेल्या अर्जुनास भगवंत प्रथम दुर्बलता टाकून उठावयास सांगतात, आणि तेवढ्याने तो उठत नाही! तो पुन्हा आपले दुःख बोलतो, मार्ग विचारतो, गप्प होतो. खरा उपदेश सुरू होतो तो त्यानंतर. आपण मात्र बाळंतिणीस "मन घट्ट कर" म्हणून पहिल्याच पायरीवर थांबतो.

आपल्या गोव्यातच काही डॉक्टरांनी मातांची पाहणी केली. ती २००२ साली प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ मातांस हा आजार आढळला. दारिद्र्य, पतीशी बेबनाव, मारहाण व मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्याशी संबंध दिसला. बाधेचे निदान करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पहिल्या काही दिवसांतील रडू बहुधा आपोआप ओसरते. परंतु दोन आठवडे लोटूनही उदासी हटत नसेल, मूल निजले तरी आईस झोप येत नसेल, तर तो आजार होय, आणि तो उपचाराने बरा होतो. जिवाचे किंवा बाळाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर तिला एकटी न सोडता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. १४४१६ या क्रमांकावर सरकारची मोफत दूरध्वनी सेवाही आहे.

आणि हात उगारणारा नवरा हे प्रारब्ध नव्हे. तसे सांगून लेकीस परत धाडणारे माहेर आम्हांस धर्मशील वाटत नाही. २००५ सालचा कायदाही तिच्या बाजूचा आहे.

यापुढे बारशाचा मुहूर्त विचारावयास येणाऱ्यांस आम्ही आधी एक विचारणार आहोत: बाळंतिणीस झोप लागते काय? यजमानांनी राग मानू नये.